उभ्या गाडीचे तास

गेल्या मे महिन्यात एका दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी मी एका ट्रेलरच्या चालकांना सही-शिक्का केलेली बिल्टी, म्हणजे मालाच्या वाहतुकीची पावती, परत दिली. एरवी चालक कागद हातात पडताच गाडीकडे धावतात. हे गृहस्थ मात्र काचेच्या खिडकीपाशी तसेच उभे राहिले. साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले, पन्नाशी उलटलेले होते. त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "ताई, मी सकाळी सहाला तुमच्या गेटवर आलो होतो, एवढं यावर लिहून द्याल का?" माझ्यासमोरच्या संगणकावर त्यांच्या गाडीची नोंद ९ वाजून १० मिनिटांची होती. मी गेटवर फोन लावला. गाडी आत घेताना आपण नोंद करतो, बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाड्या लिहून ठेवायला आपल्याला कोणी सांगितलेले नाही, असे सुरक्षारक्षकाने सांगितले. त्याचे काहीच चुकत नव्हते. चूक माझी होती, कारण त्या नोंदवहीचे रकाने काही वर्षांपूर्वी मीच आखून दिले होते. त्या माणसाच्या आयुष्यातले ३ तास १० मिनिटे आमच्या दप्तरात कोठेच नव्हती आणि ती मिळाल्याशिवाय त्यांचा मालक त्यांना हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे देणार नव्हता.

भिवंडीतल्या मानकोलीजवळच्या एका गोदामात गेली अकरा वर्षे मी डॉकचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याचे, वेळापत्रक लावते. कोणती गाडी कधी आत घ्यायची, कोणत्या दारावर लावायची, ती खाली करायला माथाडींच्या कोणत्या टोळीला सांगायचे आणि कागद पूर्ण करून ती कधी सोडायची, हे ठरवणे ही माझी नोकरी आहे. इतकी वर्षे मी हे वेळापत्रक बारा दारे, दोन पाळ्या आणि माल यांच्या हिशेबाने लावत आले. या हिशेबात चौथी गोष्ट चालकाचा दिवस आहे, हे त्या दुपारपर्यंत मला नीटसे दिसले नव्हते. माझे वडील चालक असूनही ते दिसले नव्हते, ही बाब मला आजही बोचते.

ते गृहस्थ आमच्याकडे येण्यापूर्वी काय करत होते, हे मी नंतर त्यांच्याकडूनच समजून घेतले. उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका कंटेनर फ्रेट स्टेशनमधून, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या आगारातून, ज्याला सगळे सीएफएस म्हणतात, त्यांना रात्री १ च्या सुमारास भरलेला ४० फुटी कंटेनर मिळाला होता. त्यासाठी ते आदल्या संध्याकाळी ७ पासून रांगेत होते. कंटेनर ट्रेलरवर ठेवला गेला की चारही कोपऱ्यांची कुलपे बसली का ते पाहणे, सीलचा क्रमांक कागदाशी ताडून घेणे, कंटेनरला कोठे पोचा किंवा भोक असेल तर ते गेटवरच्या पावतीवर लिहून घेणे, ही सगळी कामे चालकाची असतात, कारण पोचा आधीचाच होता हे नंतर सिद्ध करणे त्याला शक्य नसते. तेथून गव्हाण फाटा, कळंबोली, तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास आणि खारेगाव करत मानकोलीपर्यंतचे अंतर साधारण ६० किलोमीटर भरते. मुंब्रा बायपासला एखादी गाडी बंद पडलेली नसेल तर रात्री हे अंतर दोन-अडीच तासांत कापता येते. वाटेत तळोज्याजवळ चहा घेऊन आणि तासभर स्टिअरिंगवर डोके टेकून ते सकाळी सहाला आमच्या गेटवर पोहोचले होते. म्हणजे मी ज्या क्षणाला त्यांच्या कामाची सुरुवात मानत होते, त्या क्षणी त्यांचा कामाचा दिवस चौदा तासांचा होऊन गेला होता.

यापुढचा भाग माझ्या डोळ्यांसमोर रोज घडतो आणि तरी बाहेरच्या माणसाला तो ठाऊक नसतो, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते. गाडी डॉकला लागली की चालकाचे काम संपले आणि आता तो झोपायला मोकळा झाला, असा एक समज गोदामांच्या कार्यालयांतून सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ट्रेलर मागे घेऊन दाराच्या रबरी ठोकळ्यांना अलगद टेकवणे हेच मुळात कसबाचे काम आहे. आमच्या अंगणात वळायला जागा कमी असल्याने तीन-चार वेळा पुढे-मागे करावे लागते आणि डॉकचा लोखंडी पूल गाडीच्या फळीवर नीट बसला नाही तर फोर्कलिफ्ट आत नेता येत नाही. सील चालकाच्या समोरच तोडायचे, असा नियम आहे. सील तोडल्यावर दार उघडताना आतला माल सरकलेला असेल तर अंगावर येतो, म्हणून एक पान उघडून आधी डोकावायचे असते. मग मोजणी सुरू होते. एका गाडीत आठशे ते हजार खोकी असतात आणि त्यांतली चार कमी भरली किंवा दोन फुटलेली निघाली, तर शॉर्टेजच्या नावाने ती रक्कम बहुतेक वेळा चालकाच्या भाड्यातून किंवा भत्त्यातून कापली जाते. ज्या माणसाच्या खिशातून पैसे जाणार आहेत, त्याने त्या वेळी कॅबिनमध्ये जाऊन झोपावे अशी अपेक्षा कशी करता येईल?

माल भरायच्या गाडीला तर जबाबदारी आणखी वाढते. वजन पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांवर नीट वाटले गेले पाहिजे, जड पॅलेट नेमके कोठे ठेवायचे हे टोळीच्या मुकादमाला सांगितले पाहिजे, आणि एकूण वजन परवान्याच्या आत राहिले पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये असा आहे. माल कोणीही भरलेला असला तरी वजनकाट्यावर पोलिसांसमोर उभा राहतो तो चालकच. म्हणून माल भरून होईपर्यंत समंजस चालक डॉकच्या कठड्यावरून हलत नाहीत.

किल्लीचा प्रश्न यापेक्षाही वेगळा आहे. आमच्याकडे गाडी डॉकला लागली की चाकांना ठोकळे लावायचे आणि गाडीची किल्ली डॉकच्या कार्यालयात जमा करायची, असा सक्त नियम आहे आणि तो मी कधीही शिथिल करणार नाही. फोर्कलिफ्ट कंटेनरच्या आत असताना चालकाने गैरसमजाने गाडी पुढे काढली, तर फोर्कलिफ्ट माणसासकट चार फूट खाली कोसळते. असे अपघात जगभरच्या गोदामांत झालेले आहेत आणि किल्ली काढून घेणे हा त्यावरचा सर्वांत साधा आणि खात्रीचा उपाय आहे. मात्र किल्ली माझ्या खिळ्यावर टांगली गेली की चालकाच्या कॅबिनमधला पंखाही बंद पडतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू वाहनांच्या कॅबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, याचे मला मनापासून समाधान आहे. रस्त्यावर त्याचा उपयोग होईलच. पण ते यंत्र इंजिनावर चालते आणि डॉकवर इंजिन बंद ठेवावे लागते. मे महिन्यात सिमेंटच्या अंगणात उभ्या असलेल्या लोखंडी कॅबिनमध्ये दुपारी दोन वाजता कोणालाही झोप लागणे शक्य नाही. स्टोव्ह पेटवून भात टाकण्याची सोयही आमच्या आवारात नाही, कारण आगीच्या भीतीने त्याला बंदी आहे, आणि तीही योग्यच आहे. सुरक्षिततेसाठी आम्ही त्या माणसाकडून वारा, सावली आणि चूल काढून घेतो. त्या बदल्यात काही देण्याची जबाबदारी आपल्यावर येते, हा विचार मात्र आम्ही केलेला नव्हता.

त्या दुपारनंतर मी कायदा शोधून वाचला. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ चा आहे. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम नको, दूर पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ते अनुक्रमे १० आणि ५४ पर्यंत नेता येईल, सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती हवी, विश्रांतीसह सगळा दिवस १२ तासांच्या आत बसला पाहिजे आणि एका दिवसाचे काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास मिळाले पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. चालकांचे तास या कायद्याप्रमाणेच असावेत, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ९१ वे कलम सांगते. २०२० मध्ये संसदेने व्यवसायातील सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती यांविषयीची जी संहिता मंजूर केली, तिच्यात एकत्र केलेल्या तेरा कायद्यांत हाही एक आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू होऊन तिने त्याची जागा घेतली. मला मात्र १९६१ च्या मजकुरातली एक व्याख्या फार महत्त्वाची वाटली, ती 'कामाचे तास' या शब्दांची. कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन असतो तो काळ म्हणजे कामाचे तास, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याबरोबरच पूरक कामांचा वेळही धरायचा, अशी ती व्याख्या आहे. पूरक कामांच्या यादीत गाडी भरणे आणि खाली करणे हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. म्हणजे डॉकवरची मोजणी हे काम आहे की नाही, याचा निकाल माझ्या जन्माच्या आधीच लागलेला होता.

व्याख्येतला तिसरा मुद्दा मात्र अडचणीचा आहे. हाक येण्याची वाट पाहत नुसते हजर राहण्याचा काळ तिच्यात घेतलेला आहे, पण तो थांब्यावरचा आणि १५ मिनिटांहून कमी असेल तरच. हे वाचताना १९६१ सालचा एखादा एस. टी. स्टँड माझ्या डोळ्यांसमोर आला. फेरी संपवून गाडी फलाटाला लावलेला चालक दहा मिनिटे नुसता बसतो, ती दहा मिनिटे कापू नयेत, अशी काळजी कायदा लिहिणाऱ्याने घेतलेली दिसते. गोदामाच्या फाटकाबाहेर सहा-सहा तास हजर राहण्याची वेळ येईल, हे त्याच्या कल्पनेत नसावे. १५ मिनिटांची ती मर्यादा हातात धरून 'गाडी उभी होती, म्हणजे चालक विश्रांती घेत होता' असे म्हणणारे मालक आणि गोदामवाले, दोघेही मला भेटले आहेत. माझ्या मते व्याख्येचे पहिले वाक्यच त्यांना उत्तर देते. ज्याला जागेवरून हलता येत नाही, ज्याचा नंबर कोणत्याही क्षणी पुकारला जाईल आणि पुढची गाडी सरकली की ज्याला दहा मीटर पुढे जावे लागते, तो माणूस दुसऱ्याच्या स्वाधीनच असतो. शिवाय हा कायदा पाच किंवा अधिक मोटार वाहतूक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि आमच्या गेटवर येणाऱ्या कित्येक गाड्या एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या असतात. त्या चालकांपर्यंत वरचा एकही आकडा पोहोचत नव्हता.

युरोपात ट्रकला टॅकोग्राफ नावाचे नोंदयंत्र असते आणि साडेचार तास गाडी चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती तेथे बंधनकारक आहे. मला त्यातले विश्रांतीच्या आकड्यापेक्षा यंत्राचे खाते जास्त शिकण्यासारखे वाटते. त्या यंत्रात चालकाच्या वेळेचे चार प्रकार वेगळे नोंदवले जातात: गाडी चालवणे, इतर काम, बोलावण्याची वाट पाहत उपलब्ध राहणे आणि विश्रांती. वाट पाहणे हा विश्रांतीहून वेगळा प्रकार आहे, एवढी गोष्ट तेथे यंत्रालाही कळते.

आमच्याकडे वेळ मोजली जात नाही असे मात्र अजिबात नाही. कंटेनरची वेळ अगदी काटेकोरपणे मोजली जाते. बंदरात तो ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिला तर डेमरेज लागते, रिकामा करून वेळेत यार्डात परत दिला नाही तर जहाज कंपनी रोजच्या हिशेबाने डिटेन्शन लावते आणि त्याचे बिल न चुकता येते. ई-वे बिलालाही, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढाव्या लागणाऱ्या कागदालाही, मुदत असते, साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि ती संपत आली की आमच्या कार्यालयातले चार फोन एकदम वाजू लागतात. पत्र्याच्या पेटीचे घड्याळ चालते, कागदाचे चालते, बारा दारांचे चालते. या सगळ्या घड्याळांना मागे पडू न देण्यासाठी ज्याचे तास खर्च होतात, त्याच्या नावापुढे वेळेचा एकही रकाना नाही. आमच्याकडे येणाऱ्या बिल्ट्या मी मुद्दाम काढून पाहिल्या. तारीख, वजन, नग, भाडे, सगळे होते. गाडी पोहोचल्याची वेळ लिहायला जागा एकाही बिल्टीवर नव्हती.

माझे वडील कळंबोलीहून दहा चाकी गाडी चालवत. लहानपणी मला त्यांच्या नोकरीतला सर्वांत ओळखीचा शब्द 'जकात' हा होता. मुलुंडच्या नाक्यावर गाड्यांची रांग इतकी लांब असे की आई संध्याकाळी "आज नाक्यावर अडकले असतील" एवढेच म्हणून त्यांचे ताट झाकून ठेवत असे. भिवंडीच्या पट्ट्यात पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, दापोडे या गावांतून एवढी गोदामे उभी राहिली, त्याचे एक मोठे कारण ती मुंबईच्या जकात हद्दीबाहेर होती, हे होय. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि नाक्यावरची रांग खरोखरच संपली. त्या वर्षी वडील निवृत्त झालेले होते, पण त्यांनी ती बातमी दोनदा वाचून घेतली होती. रस्त्यावर वाचलेले ते तास चालकांच्या पदरात पडतील असे मलाही वाटले होते. मला तर आता असे दिसते की रांग नाक्यावरून उठली आणि आमच्यासारख्यांच्या फाटकाबाहेर येऊन बसली. नाक्यावरची रांग वर्तमानपत्रात येत असे, गोदामाबाहेरची रांग येत नाही, कारण ती चाळीस ठिकाणी विखुरलेली आहे.

त्या मे महिन्यातल्या गाडीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत जड वाहनांना ठरावीक वेळांतच मुभा असते. वाहतूक शाखेच्या अधिसूचनांप्रमाणे त्या वेळा बदलतात, पण दुपारचे काही तास आणि रात्र असा सर्वसाधारण नेम आहे, आणि त्या दिवसांत दुपारची मुभा ४ वाजता संपत असे. गाडी ३ वाजून ५० मिनिटांनी रिकामी झाली होती. मोजणीच्या कागदावर आमच्या पर्यवेक्षकाची सही राहिली होती आणि तो जेवायला गेला होता. त्या सहीसाठी अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाची किंमत सहा तास होती, कारण रिकामा कंटेनर परत द्रोणागिरीला न्यायचा होता आणि आता रात्री दहापर्यंत गाडी हलवता येणार नव्हती. आदल्या संध्याकाळी ७ ला सुरू झालेला तो दिवस आता दुसऱ्या रात्रीत शिरणार होता. माणसाच्या शरीराला मध्यरात्रीनंतर, विशेषतः २ ते ५ च्या दरम्यान, झोप आवरणे सर्वांत कठीण जाते, आणि दिवसभर उन्हात तिष्ठलेल्या माणसाला आम्ही नेमके त्याच वेळी मुंब्रा बायपासच्या उतारावर पाठवतो. शहरात दिवसा कोंडी होऊ नये म्हणून घातलेल्या बंदीला माझा विरोध नाही. घोडबंदर रस्त्यावर अडकलेली रुग्णवाहिका मीही पाहिली आहे. मात्र बंदी घालणाऱ्याचे, डॉक चालवणाऱ्याचे आणि बंदराचे वेळापत्रक एकमेकांसमोर कधी ठेवलेच जात नाही, आणि या तिघांच्या मधला जो फरक उरतो तो चालकाच्या झोपेतून भरून काढला जातो.

वाराईविषयी, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी चालकाकडून घेतल्या जाणाऱ्या पैशांविषयी, मी थोडक्यातच लिहिते, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचे ते फळ होते, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळाकडे नोंदणी, ठरलेली मजुरी आणि मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी मिळाला, याचा मला अभिमान आहे. मात्र ती मजुरी ज्याचा माल त्याने द्यायची असते. गाडी खाली करण्यासाठी चालकाकडे हात पुढे करायचा, आणि त्याने तो पैसा जेवणाच्या खर्चीतून काढून द्यायचा, हे कायद्याच्या आत्म्याला धरून नाही. वाहतूकदारांची 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही मागणी जुनी आहे आणि ती योग्य आहे. आमच्या गोदामात आम्ही मुकादमांशी तीन बैठका घेऊन हा प्रकार बंद केला. माझ्या अनुभवात मुकादमांनी विरोध केला नाही. मजुरी वेळेवर मिळत नसल्याने हे सुरू झाले आहे, असे त्यांनी सांगितले आणि ते खरे निघाले.

बाकीच्या बदलांत यश आणि अपयश दोन्ही आहे. गेटच्या नोंदवहीत आता चार वेळा लिहिल्या जातात: गाडी रांगेत आली, डॉकला लागली, रिकामी झाली आणि कागद हातात मिळाले. पहिल्या महिन्यातच एक गोष्ट दिसली जी मी अकरा वर्षांत कधी पाहिली नव्हती. माल उतरवायला जेवढा वेळ लागत होता, जवळपास तेवढाच वेळ कित्येक गाड्यांना सहीची वाट पाहण्यात जात होता. सही करणारा माणूस वाढवायला आठवडाही लागला नाही, कारण खर्च फार नव्हता. आजवर कोणी मागितलाच नव्हता. दुसरे म्हणजे आता दुपारची शेवटची गाडी डॉकला १ वाजता लागते, तिच्यानंतर येणारी गाडी सायंकाळच्या पाळीत घेतली जाते आणि तसे चालकाला आधीच फोनवर सांगितले जाते. आपला नंबर सहाच्या आधी लागणार नाही हे खात्रीने कळले तर माणूस चार तास झोपू शकतो. 'बघू, कधीही लागेल' असे सांगितले तर त्याच चार तासांत त्याला झोप येत नाही. गेटच्या शेजारच्या जुन्या पॅकिंग शेडमध्ये आठ खाटा, दोन पंखे, न्हाणीघर आणि पिण्याच्या पाण्याची टाकी बसवली. चालकांना रात्री जेथे थांबावे लागते तेथे विश्रांतिगृहे असावीत, असे १९६१ चा कायदा मालकाला सांगत होता. गोदामाला तसे बंधन तेथे घातलेले नव्हते, तरी थांबायला लावणारे आम्हीच असल्याने खाटा देणेही आमच्याकडे येते, असे मी व्यवस्थापनाला लिहून दिले आणि त्यांनी ते मान्य केले.

जे जमले नाही तेही सांगते. वेळ ठरवून दिली तरी सीएफएसमधून गाडी कधी सुटेल हे चालकाच्या हातात नसते, आणि आमच्या ठरलेल्या वेळा दिवसाला तीन-चार तरी मोडतात. सुरुवातीला मी उशिरा आलेल्या गाडीला रांगेच्या शेवटी ढकलत असे. मग लक्षात आले की उशीर दुसऱ्याने करायचा आणि शिक्षा चालकाने भोगायची, हाच जुना प्रकार मी नव्या नियमाने चालवते आहे. आता सीएफएसच्या गेटबाहेर पडल्याच्या पावतीवरची वेळ पाहून त्याला पुढची पहिली रिकामी जागा दिली जाते. दिवाळीच्या आधीचे सहा आठवडे मात्र ही सगळी घडी विस्कटते. गेल्या वर्षी त्या काळात खाटांच्या शेडमध्ये माल ठेवावा, असा आग्रह झाला होता. मी तो होऊ दिला नाही, पण दोन दिवस चार खाटा बाहेर काढाव्या लागल्या.

हॉल्टिंगचा प्रश्न आमच्या एकट्याच्या हातात नाही. चार तासांनंतर हॉल्टिंग लागू होईल, असे आमच्या करारांत पूर्वीपासून लिहिलेले होते, पण ते तास कोठून मोजायचे हे लिहिलेले नव्हते, म्हणून ते आमच्या गेटच्या नोंदीपासून मोजले जात. नव्या करारांत 'रांगेत आल्याच्या वेळेपासून' असे शब्द घातले आहेत. पैसे वाहतूकदाराला मिळतात, आणि त्यातला किती भाग चालकापर्यंत पोहोचतो हे आम्हाला दिसत नाही. काही मालक पूर्ण देतात, काही अर्धे देतात, काही देत नाहीत. एवढे मात्र करता येते, आणि आम्ही करतो, की बिल्टीच्या मागे चारही वेळा लिहून त्यावर गोदामाचा शिक्का मारला जातो. तो कागद मालकाकडे जाण्यापूर्वी चालक मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवतात.

माण तालुक्याचे ते चालक ऑगस्टमध्ये पुन्हा आले, पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी. मी कामावर पोहोचले तेव्हा त्यांची गाडी ७ नंबरच्या दारावर लागलेली होती आणि ते कठड्यावर बसून खोकी मोजत होते. त्यांच्या मे महिन्यातल्या बिल्टीची आमच्याकडची प्रत मी जपून ठेवली होती. गेटच्या कॅमेऱ्याचे जुने चित्रीकरण तोवर पुसले गेले होते, त्यामुळे सहा वाजताचा पुरावा माझ्याकडे नव्हता. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मी प्रतीच्या मागे 'सकाळी ६ वाजता रांगेत हजर, चालकाच्या सांगण्यावरून नोंद' असे लिहिले, खाली सही करून शिक्का मारला आणि ती त्यांना दिली. मालक आता मागचे काही देणार नाही, असे ते म्हणाले. तरीही त्यांनी कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि मोजणी जेथे थांबली होती तेथून, ३१२ पासून, पुढे सुरू केली.